जनुकांना नवे प्रारब्ध बनवू नका!

क्षयरोग का होतो, या प्रश्नाचे उत्तर मनूने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापांची आणि त्यांच्या फळांची यादी आहे. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात आणि पूर्वजन्मी ज्याने ब्राह्मणाची हत्या केली त्याला या जन्मी क्षय होतो! तिसऱ्या अध्यायात हाच मनू सांगतो, की ज्या कुळात क्षय आहे त्या कुळातील मुलगी बायको म्हणून करू नये. म्हणजे रोगी हा पापी आणि त्याचे अख्खे कूळ डागी! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले. ग्रंथ जळाला, पण त्यातला विचार समाजाच्या डोक्यातून गेला काय?

गेला नाही. आजही घरात कुणाला टीबी झाला तर तो शेजाऱ्यापासून लपवला जातो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून औषधाची पाकिटे उशीखाली ठेवली जातात. सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडले जाते. ‘त्यांच्या खानदानातच टीबी आहे’ हे वाक्य वस्तीवस्तीत ऐकू येते. यात आता एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे जीन्स, मराठीत जनुके. शिकलेली, सुटाबुटातली माणसेही म्हणू लागली आहेत, की या लोकांची प्रतिकारशक्तीच कमी, त्यांच्या जीन्समध्येच ते आहे, त्याला सरकार तरी काय करणार? पूर्वसंचिताच्या जागी जनुक आले, एवढाच काय तो बदल. रोग्याला दोष देण्याची आणि व्यवस्थेला मोकळे सोडण्याची रीत तीच!

मग आपण काय करावे? जनुकांचे शास्त्र खोटे म्हणून धुडकावून लावावे काय? मुळीच नाही. आम्ही तथागत बुद्धांचे अनुयायी आहोत. कालामांना त्यांनी जे सांगितले ते आम्हाला ठाऊक आहे. कुणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. हाच नियम विज्ञानाच्या नावाने होणाऱ्या बडबडीलाही लागू आहे. जनुके क्षयाच्या बाबतीत नेमके काय करतात आणि काय करत नाहीत, हे आपण तपासून पाहू. तपासून पाहिल्यावर आमचे जे मत बनले ते असे, की हे शास्त्र आमच्या विरोधात नाही, उलट ते आमच्या बाजूने साक्ष देते.

जंतू सर्वांच्या दारी, आजार काहींच्याच घरी

क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्या दिवशी पाप, शाप, प्रारब्ध यांचा निकाल लागायला हवा होता. रोग जंतूमुळे होतो, रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे फुप्फुसात शिरतो, हे सिद्ध झाले.

पण एक कोडे उरले. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. बाकीचे ९० टक्क्यांहून अधिक लोक जंतू अंगात घेऊन किंवा त्याला हुसकावून लावून धडधाकट जगतात. एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच हवेत श्वास घेणाऱ्या चार भावंडांपैकी एकालाच क्षय का होतो?

या प्रश्नाची फार भयंकर परीक्षा जर्मनीतील ल्युबेक शहरात १९२९-३० साली नकळत घडली. क्षयापासून वाचवण्यासाठी नवजात बाळांना बीसीजी लस तोंडावाटे दिली जात होती. प्रयोगशाळेतील हलगर्जीपणामुळे त्या लसीत क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले. सुमारे अडीचशे बाळांच्या पोटात ते गेले. सत्तरहून अधिक बाळे दगावली. पण उरलेली जगली! त्यांच्यातली पुष्कळशी आजारी पडून बरी झाली. यावरून अनेकांनी तर्क केला, की काही बाळांमध्ये जन्मजात बळ होते. पुढे २०१६ साली या घटनेची जुनी आकडेवारी नव्याने तपासली गेली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. लसीच्या प्रत्येक खेपेत घातक जंतूंचे प्रमाण सारखे नव्हते. ज्यांच्या वाट्याला जंतू जास्त आले, त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. म्हणजे अंगातले बळ आणि अंगावर आलेला मारा, दोन्ही मोजले पाहिजे. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढचा सारा विषय त्यातच आहे.

जुळी भावंडे काय सांगतात?

एकाच घरात क्षय दिसला म्हणून तो रक्तातून आला असे म्हणता येत नाही. कारण एका घरातील माणसांची जशी जनुके सारखी, तशीच चूलही एक, खोलीही एक आणि उपासमारही एक. हा गुंता सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात. विषम जुळ्यांची मात्र इतर भावंडांइतकीच सारखी. ब्रिटनमधील जुळ्यांच्या जुन्या नोंदी अमेरिकेतील संशोधक कॉमस्टॉक यांनी १९७८ साली पुन्हा तपासल्या. एका जुळ्याला क्षय असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांत साधारण ३२ टक्के, तर विषम जुळ्यांत साधारण १४ टक्के निघाले.

या दोन आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, जनुकांचा वाटा आहे. तो नाकारून चालणार नाही. दुसरी गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. जनुके तंतोतंत सारखी असूनही एकसारख्या जुळ्यांपैकी दोन तृतीयांश वेळा दुसरे भावंड आजारी पडलेच नाही! जनुक हेच प्रारब्ध असते तर असे घडलेच नसते.

शरीराच्या वेशीवरचे जागले

हे जनुक करते तरी काय? आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके गावाच्या वेशी राखल्या. वेसकर, जागल्या ही कामे आमच्याच माथी होती. अंधारात आलेला माणूस चोर की वाटसरू, हे ओळखणे आणि गाव जागे करणे हे त्यांचे काम. शरीरातही असेच वेसकर आहेत. फुप्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांत भक्षक पेशी पहारा देतात. आत आलेला जंतू त्या गिळून टाकतात. इतर बहुतेक जंतू गिळले की मरतात. क्षयाचा जंतू मात्र मेणचट कवच पांघरून गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात दडून बसतो आणि वाढू लागतो. अशा वेळी एकट्या वेसकराचे बळ पुरत नाही, गावाला हाक घालावी लागते. भक्षक पेशी इंटरल्युकिन-१२ नावाच्या रसायनातून हाक घालते. ती ऐकून टी-पेशी धावून येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे दुसरे रसायन सोडतात. ते मिळाले की भक्षक पेशीला जोर चढतो आणि ती दडलेल्या जंतूला मारते, किंवा अनेक पेशी मिळून त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतात.

ही हाक, ती ऐकणारा कान, उलट येणारी मदत, या सगळ्याच्या कृती जनुकांत लिहिलेल्या असतात. त्या लिखाणात माणसागणिक थोडाथोडा फरक असतो. क्वचित एखाद्याच्या लिखाणात मोठी चूक असते. १९९६ साली दोन संशोधक गटांनी अशा मुलांचा शोध जाहीर केला. एका गटाने माल्टा बेटावरील मुले पाहिली, दुसऱ्याने ट्युनिशियातील एक बालक. इतरांना काहीही न करणारे मातीपाण्यातले सौम्य जंतू किंवा बीसीजी लसीतला दुबळा जंतू या मुलांच्या जिवावर उठला होता. कारण इंटरफेरॉन-गॅमाची हाक ऐकणारा कानच त्यांच्या पेशींवर नीट तयार होत नव्हता. पुढे इंटरल्युकिन-१२ च्या बाबतीतही असेच दोष सापडले. मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनेही अशा भारतीय मुलांची नोंद केली आहे. हा दोष फार दुर्मीळ आहे. पण तो ओळखला गेला तर त्यातल्या काही मुलांना इंटरफेरॉनची इंजेक्शने देऊन वाचवता येते. जनुकशास्त्राचा खरा उपयोग हा असा आहे. ते मुलाला बट्टा लावत नाही, त्याचा जीव वाचवते.

त्याहून बोलका शोध २०१८ सालचा आहे. टीवायके-२ नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाला, तर क्षय होण्याचा धोका बराच वाढतो असे दिसून आले. हा दोष जगात सर्वात जास्त कुणात आढळतो? युरोपीय वंशाच्या गोऱ्या लोकांत! त्यांच्यात साधारण ६०० माणसांमागे एकाला ही दुहेरी देणगी मिळालेली असते; इतर समूहांत ती पुष्कळच दुर्मीळ आहे. प्राचीन हाडांतील जनुके तपासून २०२१ साली असेही दाखवले गेले, की युरोपात गेल्या दोन हजार वर्षांत या प्रकाराचे प्रमाण घटत गेले, कारण तो बाळगणारे लोक क्षयाने अधिक मरत गेले असावेत. ज्या गोऱ्यांनी काळ्यांना, आदिवासींना ‘जन्मजात दुबळे’ ठरवले, त्यांच्याच रक्तात क्षयाचा हा ठळक दोष सापडावा, हा इतिहासाने उगवलेला सूडच म्हटला पाहिजे!

हे झाले एकेकट्या, ठळक जनुकांचे. बहुसंख्य रुग्णांमध्ये असे एकही ठळक जनुक सापडत नाही. अनेक जनुकांचे बारीकबारीक परिणाम एकत्र येतात. आफ्रिकेतील गॅम्बिया देशात १९९८ साली एनआरएएमपी-१ या जनुकाचे काही प्रकार क्षयरुग्णांत अधिक आढळले. इतर देशांत तोच निष्कर्ष कुठे आला, कुठे आला नाही. भारतात दिल्ली आणि तामिळनाडूतील संशोधकांनी १९८० व १९९० च्या दशकांत एचएलए नावाच्या जनुकसमूहातील डीआर-२ या प्रकाराचा फुप्फुसाच्या क्षयाशी संबंध दाखवला. अलीकडे आफ्रिका, आशिया आणि युरोपातील १४ हजारांहून अधिक रुग्णांची जनुके एकत्र तपासली गेली. एवढ्या मोठ्या चाळणीतून ठामपणे उरला तो एकच भाग, आणि तो याच एचएलए समूहातला. क्षयाची अमुक एक जात, अमुक एक वंश सापडला नाही.

‘वंशाचा दुबळेपणा’ कुणी शोधला?

हे सारे शास्त्र हाती नव्हते तेव्हाही वंशाचा सिद्धांत मांडणारे तयारच होते. १८९६ साली अमेरिकेतील एका विमा कंपनीचे आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी पुस्तक लिहून सांगितले, की काळे लोक क्षयाने मरतात ते त्यांच्या वंशाच्या कमकुवतपणामुळे. या युक्तिवादाला काळ्या समाजाचे महान विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी फिलाडेल्फियातील घराघरांचा अभ्यास करून उत्तर दिले. १८९९ आणि १९०६ सालच्या आपल्या अभ्यासांत त्यांनी दाखवले, की काळ्यांच्या मृत्यूंचा खुलासा त्यांच्या घरांत, मजुरीत आणि वागणुकीत शोधावा लागतो. याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांत साम्य आहे हे दोघेही जाणत होते.

कॅनडातही हेच घडले. आदिवासींची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली गेली. तेथे ती क्षयाने धडाधड मरू लागली. सरकारी वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ साली अहवाल देऊन सांगितले, की शाळांच्या इमारती कोंदट आहेत, आजारी आणि निरोगी मुले एकत्र ठेवली जातात, म्हणून ही मुले मरतात. सरकारने अहवाल बासनात गुंडाळला. शेवटी नोकरीतून बाहेर पडल्यावर १९२२ साली ब्राइस यांनी पुस्तिका काढली आणि तिच्या नावातच या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. ज्याला वंशाचा दुबळेपणा म्हटले जात होते, तो बंद खिडक्यांचा परिणाम होता!

आपल्या देशात हे काम बाबासाहेबांनी केले. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी रक्तशुद्धीचा आणि वंशसुधारणेचा दावा समूळ उखडला. जात ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, असे त्यांनी मांडले. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाडोळ्यांच्या मोजमापांचे आकडे घेऊन त्यांनी हेच पुन्हा दाखवले. आज जनुकशास्त्र काय म्हणते? १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवून दिले, की माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक हे एकाच समूहातील दोन माणसांमध्ये असतात. समूहासमूहांतले फरक उरलेल्या थोड्या हिश्शात येतात. क्षयाला बळी पडणारा आणि क्षयाला पुरून उरणारा, दोघेही प्रत्येक जातीत, प्रत्येक आळीत जन्म घेतात. मग आकडे वस्तीप्रमाणे का बदलतात? याचे उत्तर रक्तात नाही, वस्तीतच आहे.

मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यातील सहरिया आदिवासींचेच पाहा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे सुमारे दीड हजार आढळले. हा आकडा कुठल्याही देशाला लाज आणणारा आहे. त्यांच्या जनुकांचेही अभ्यास झाले आहेत, व्हावेत. पण ज्या समाजाची जमीन गेली, जंगल गेले, जो मोसमी मजुरीसाठी दगडखाणीत आणि शेतांवर भटकतो आणि ज्याच्या मुलांचे कुपोषण वर्षानुवर्षे बातम्यांत येते, त्याचा क्षय समजून घ्यायला आधी जनुकांची प्रयोगशाळा लागते की रेशनचे दुकान?

ताटातले अन्न आणि खिडकीतली हवा

हा प्रश्न भावनेचा नाही, याला पुरावा आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकसमूहात छापून आले. २८०० क्षयरुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. बहुतेक कुटुंबे आदिवासी आणि गरीब. रुग्णांना सर्वत्र शिधा दिला गेला. निम्म्या गटात घरातील इतरांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषक गोळ्या दिल्या गेल्या. दुसऱ्या गटात घरच्यांना दिल्या नाहीत. फळ काय मिळाले? ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले; पसरणारा, म्हणजे थुंकीत जंतू सापडणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. कुणाचे जनुक बदलले नव्हते, बदलले होते ते ताट!

इंग्लंडचा इतिहासही हेच सांगतो. तेथे क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उतरू लागले आणि स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले प्रभावी औषध १९४० च्या दशकात येईपर्यंत त्यातली बहुतांश घट झालेली होती. चांगल्या अन्नाचा वाटा किती, घरांचा किती, रुग्णांना वेगळे ठेवण्याचा किती, यावर विद्वान भांडतात. पण तीन-चार पिढ्यांत एवढी मोठी उतरण जनुकांमुळे झाली असे म्हणता येत नाही. टीवायके-२ चे प्रमाण घटायला शतकांमागून शतके लागली. पगार, घर आणि खिडकी बदलायला मात्र एक कायदा पुरतो.

खुद्द मुंबईत पाहा. गोवंडी-मानखुर्द-चेंबूर परिसरात प्रकल्पग्रस्त झोपडीवासीयांना ज्या उंच इमारतींत नेऊन बसवले, त्या लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी या वसाहतींचा अभ्यास २०१८ च्या सुमारास झाला. दोन इमारतींत जेमतेम हातभर वाटावे एवढे अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि अशाच घरांत क्षयाचा धोका जास्त, असे त्यात दिसले. इमारतींचे नकाशे मंजूर करणारे मोकळे आणि ‘यांची प्रतिकारशक्ती कमी’ हा शेरा मात्र तेथे राहणाऱ्यांच्या माथी! ब्राइस यांच्या कॅनडातील कोंदट शाळा आणि आमच्या पुनर्वसनाच्या कोंदट खोल्या यांत फरक तो काय?

जनुक आणि परिस्थिती यांची गाठ कशी पडते, याचे एक उदाहरण लंडनमधील गुजराती स्थलांतरितांचे आहे. २०००च्या लॅन्सेटमधील अभ्यासात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांत क्षय अधिक आढळला, आणि एका जनुकाचा परिणाम मुख्यत्वे ती कमतरता असलेल्यांतच उठून दिसला. म्हणजे बंदुकीत गोळी असली तरी चाप परिस्थिती ओढते. पण येथेही घाई नको. मंगोलियातील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा त्याने संसर्ग टळत नाही असे २०२० मध्ये सिद्ध झाले. एक गोळी भाकरीची जागा घेऊ शकत नाही. पोटाला पुरेसे अन्न, त्यात डाळ, अंडी, मांस, मासे हवेतच. आणि आमच्या राज्यात काय होते? शालेय पोषण आहारातील अंड्यासाठी २०२३ मध्ये सुरू झालेला निधी शासनाने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतला!

जातीतल्या जातीत लग्नाचे फळ

जनुकशास्त्राने जातिव्यवस्थेवर आणखी एक आरोप ठेवला आहे. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवविज्ञान संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील जवळजवळ सर्व समूह एकमेकांत मिसळत होते. वरच्या म्हणवणाऱ्या जाती मिसळल्या, खालच्या ठरवलेल्याही मिसळल्या. त्यानंतर बेटीबंदी आली आणि मिसळणे थांबले. २०१७ साली त्यांनी २६० हून अधिक समूह तपासले. त्यातले ८१ समूह असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढून आणि आतल्या आत लग्ने करून त्यांच्यात दुर्मीळ आनुवंशिक रोगांचा धोका वाढला आहे.

कारण सोपे आहे. इंटरल्युकिन-१२ च्या जनुकासारखे कित्येक दोष आई आणि बाप दोघांकडून आले तरच रोग होतो. नातेवाईकांत किंवा लहानशा बंद वर्तुळात लग्ने होत राहिली की असे दोन दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या बेटीबंदीला रक्तशुद्धी म्हणून मिरवले गेले, तिने रक्त शुद्ध ठेवले नाही, दोष साठवून ठेवले! बेटीबंदी हाच जातीचा प्राण आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले आणि आंतरजातीय विवाह हाच त्यावरचा खरा उपाय असल्याचे १९३६ साली लिहिले. तेव्हा जनुकाची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती.

तर मग मागणी काय?

हे शास्त्र आम्हाला हवे आहे, पण ते रुग्णाच्या बाजूने. क्षयावरच्या आयसोनियाझिड या गोळीचेच घ्या. एनएटी-२ या जनुकानुसार काही माणसांचे शरीर ही गोळी झपाट्याने निकामी करते, काहींचे हळूहळू. भारतात हळू वर्गातली माणसे फार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यात गोळीमुळे यकृताला इजा होण्याची भीती अधिक. १९५६ साली सुरू झालेल्या मद्रासच्या क्षय उपचार केंद्राने या फरकाचा अभ्यास १९६० च्या दशकातच केला होता. जपानमध्ये तर जनुक पाहून गोळीची मात्रा ठरवली असता यकृताचा त्रास कमी झाल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. आमच्या सरकारी दवाखान्यात मात्र औषध चालू असताना डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या, तर रुग्णाचे ऐकून घेण्याइतका वेळ तरी मिळतो काय? औषध न सोसणाऱ्याला ‘गोळ्या बुडवणारा’ ठरवण्याआधी त्याचे यकृत तपासा, ही आमची पहिली मागणी आहे.

याच मद्रास केंद्राने १९५९ साली जगाला शिकवले, की गरीब, दाटीवाटीच्या घरात राहणारा रुग्णही नियमित औषधाने घरीच बरा होतो. त्याला महागड्या आरोग्यधामाची गरज नाही. ‘गरिबाचे शरीरच बरे होत नाही’ या समजाला तेव्हाच मूठमाती मिळाली. जनुक कुठलेही असो, साध्या क्षयावरची पूर्ण औषधे बहुतेकांना बरे करतात. म्हणून औषधाचा साठा एक दिवसही तुटता कामा नये, ही दुसरी मागणी.

तिसरी मागणी अन्नाची. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत. पण झारखंडच्या प्रयोगाने शिकवले आहे, की शिधा घरातल्या सर्वांना हवा. चौथी मागणी घराची. ऊन-वारा न येणारी एकही पुनर्वसन इमारत मंजूर होऊ नये. पाचवी मागणी दगडखाणी, गटारे आणि कचरा डेपोंवर राबणाऱ्यांसाठी. दगडाच्या धुळीने फुप्फुस पोखरले की क्षयाला दार उघडेच राहते, हे सर्वमान्य आहे. या कामगारांची नियमित तपासणी कायद्याने व्हावी.

आणि काही कामे आपलीही आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. औषध मध्येच सोडू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्या इतरांची तपासणी करून घ्या. गंडेदोरे, नवस यांत पैसे घालवू नका. बुद्धविहारात आठवड्याला एकदा जमतोच, तर महिन्यातून एकदा क्षयाची माहिती देणारी बैठक तेथेच घ्या. आणि टीबी झालेल्या मुलीचे स्थळ मोडणाऱ्याला तोंडावर सांगा, की हा मनूचा कायदा आहे आणि आम्ही तो महाडला जाळला आहे.

२०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या रुग्णांपैकी २६ टक्के आपल्या देशातले होते. यांच्यापैकी प्रत्येकाच्या जनुकांत काही ना काही वेगळेपण असेल. तसे ते तुमच्या-आमच्या, मंत्र्यांच्या आणि सावकारांच्याही जनुकांत आहे. पण मंत्र्याला लागण झाली तर त्याच्या ताटात अन्न असते, घरात ऊन असते, डॉक्टर दाराशी असतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या वेशीवरचा जागल्या उपाशीपोटी किती रात्री जागणार? त्या उपाशी पहारेकऱ्याला दुबळा म्हणण्याआधी त्याची भाकर कुणी पळवली, हे विचारण्याची हिंमत समाजाने दाखवावी. ती दाखवायला आम्ही बाबासाहेबांकडून शिकलो आहोत.

जय भीम!